सीतेची वेणी

ज्येष्ठात, चातुर्मास तोंडावर आला असता, जव्हार-मोखाड्याकडील रानांत जुन्या वृक्षांच्या फांद्यांवरून वीत-दीड वीत लांबीचे तुरे लोंबू लागतात. पांढऱ्या पाकळ्या, त्यांवर जांभळट गुलाबी ठिपके आणि फुलांची दाट गुंफण. लोकांनी त्यास ‘सीतेची वेणी’ हे नाव दिले. आसामचे राज्यपुष्प ‘कोपौ फूल’ ते हेच. बिहूच्या नृत्यात तेथील मुली ते केसांत माळतात.

झाडावर वाढणाऱ्या या कुळातील वनस्पतींना मराठीत आमरी म्हणतात. पुष्कळ बागाईतदार तिला बांडगूळ समजून उपटतात, हा मोठाच अन्याय होय. बांडगूळ फांदीत मुळे घुसवून झाडाचा रस शोषते. आमरी केवळ आसरा घेते. तिच्या मुळांवरील स्पंजासारखे आवरण पाऊस व दव टिपते आणि सालीवर साचलेल्या पाचोळ्याच्या कणांवर तिचे भागते.

तिच्या बीजाची कथा व्यापारी कुटुंबांस विशेष उमगेल. एका बोंडात हजारो बिया, परंतु धुळीसारख्या सूक्ष्म. गव्हाच्या दाण्यात अंकुरापुरती शिदोरी असते. हिच्या बीजाजवळ भांडवलच नाही. विशिष्ट बुरशीने अन्न पुरविले तरच ते रुजते, आणि पुढे फूल येण्यास कित्येक वर्षे लागतात. बुरशी, खडबडीत साल, विरळ सावली, दमट हवा हा सारा मेळ जुन्या झाडावर जमतो. म्हणून एक वृक्ष तोडून दहा रोपे लावली, तरी हा हिशेब जुळत नाही.

उपासकदशांग सूत्रात भगवान महावीरांनी आनंद श्रावकास जी पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली, त्यांत अंगारकर्म, वनकर्म व दवदान, म्हणजे कोळसा पाडणे, रान तोडणे आणि वणवा लावणे, ही तिन्ही आहेत. पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी ज्या ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला, त्याच्या रानांतील लाकूड व कोळसा एकेकाळी मुंबईस जात असे. राबासाठी फांद्या छाटणाऱ्या आदिवासी शेतकऱ्यास दोष देणे सोपे असते. पण तो निदान खोड राखतो.

आता नवा धोका हौसेचा. रानातून ओरबाडलेली आमरी शहरातील सदनिकेच्या कोरड्या हवेत बहुधा सुकते. हे संपूर्ण कुळ आंतरराष्ट्रीय साइटीस कराराच्या कक्षेत असल्याने परदेश-व्यापारास परवाना लागतो. हौस असलीच, तर प्रयोगशाळेत वाढविलेली रोपे रोपवाटिकेत मिळतात. घेताना ते रोप कोठून आले, एवढे विचारून घ्यावे.

शेताच्या बांधावर वादळाने मोडलेल्या फांदीवर आमरी आढळल्यास ती चुलीत जाऊ देऊ नये. सालीच्या तुकड्यासह सोडवून जवळच्या आंब्याच्या खोडाला, ऊन थेट लागणार नाही अशा बाजूस, काथ्याने हलकेच बांधावी. पावसाळ्यात नवी मुळे फुटून साल धरू लागतात.