आपुलकीचा घाऊक बाजार

हल्ली एक नवे शास्त्र निघाले आहे. त्याचे नाव 'ग्राहकाशी नाते जोडणे'. घरी फराळ करून विकणाऱ्या बाईने, गल्लीतल्या शिंप्याने, पणत्या रंगवणाऱ्या मुलीने हे नाते फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जोडायचे असते. ते कसे जोडावे हे शिकवणारे पंडितही गावोगाव झाले आहेत. त्यांचा उपदेश थोडक्यात असा : रोज सकाळी सुविचार धाडा, गिऱ्हाइकाला 'आमच्या कुटुंबातील सदस्य' म्हणा, त्याचा वाढदिवस चुकवू नका, आणि मालाचा भाव मात्र चारचौघांत सांगू नका!

माझे या पंडितांशी भांडण आहे. सणासुदीला भांडण नको म्हणणाऱ्यांना विनंती इतकीच, की हातातली चकली संपेपर्यंत तरी ऐकून घ्यावे.

पहिला मुद्दा भावाचा. फेसबुकवर आकाशकंदिलाचे झकास छायाचित्र असते. खाली कुणी तरी विचारतो, "किंमत काय?" उत्तर येते, "इनबॉक्समध्ये या." का बुवा? कंदील आभाळात टांगायचा आणि भाव तेवढा कानात सांगायचा? पंडित म्हणतात, असे केल्याने संवाद वाढतो. संवाद नव्हे, संशय वाढतो. ज्याला भाव कानात सांगितला, त्याच्या मनात पहिली शंका हीच येते, की शेजारणीला काय सांगितला असेल? 'एकच भाव' या जुन्या पाटीत जेवढी आपुलकी होती, तेवढी शंभर सुविचारांत नाही. लहान-थोर, भोळा-चतुर सगळे त्या पाटीपुढे सारखे होते.

दुसरा मुद्दा भाषेचा. "प्रिय ग्राहक, आपण आमच्या कुटुंबातले आहात." अहो, कुटुंबातल्या माणसाला कुणी 'प्रिय ग्राहक' म्हणते का? धंदेवाल्यांसाठी व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ साली वेगळे अ‍ॅप काढले. दुकान बंद असले की आपोआप उत्तर देण्याची सोय त्यात आहे. सोय चांगली आहे. रात्री अकरा वाजता 'सकाळी नऊनंतर बोलू' एवढे कळले, तर रागावणार कोण? पण त्याच सोयीने 'आपला निरोप आमच्यासाठी अनमोल आहे' असे कळवायचे आणि पुढे चार दिवस तिकडे फिरकायचे नाही, याला नाते म्हणत नाहीत. हा शिष्टाचाराचा मुखवटा झाला.

गंमत अशी, की यंत्र या पंडितांहून शहाणे आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ नावे मावतात. आणि त्यातही ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये जपून ठेवला असेल, त्यालाच तो निरोप पोचतो. म्हणजे ओळख दोन्हीकडून हवी! मी शाळामास्तर. वर्गात साठ मुले असली तर हजेरी घेता येते. सहाशे असली तर नुसते भाषण ठोकता येते. छोट्या धंद्याचे बळ हजेरीत आहे. कुणाच्या घरी शेव तिखट लागते, कुणाकडे साखर वर्ज्य आहे, हे जिच्या ध्यानात आहे तिला दहा हजार अनुयायी कशाला हवेत?

आणि अनुयायांचा भरवसा तरी काय? २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि तिथे अनेकांनी जमवलेला गोतावळा बघता बघता नाहीसा झाला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप ही तिन्ही सुमारे सहा तास बंद पडली. मांडव भाड्याचा आहे, मालक केव्हाही दोर सोडील. ज्याच्या वहीत गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता आणि आवड लिहिलेली आहे, त्याचा संसार उघड्यावर पडत नाही.

यावर कुणी म्हणेल, मास्तरांना कोपऱ्यावरच्या वाण्याची आठवण येते आहे. मुळीच नाही. काटा मारणारे वाणी आपल्याकडे कमी नव्हते. पण त्याला दुसऱ्या दिवशी आपल्याला तोंड दाखवायचे असे, हा एक धाक होता. फोनवर तोंड दिसत नाही. म्हणून तिथे शब्द हेच तोंड. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, पुढे पीठ गुळात मुरावे लागते. आयत्या वेळी मागणी आली असता, "आता जमणार नाही हो, घाईत केले तर अनारसे तेलात विरघळतील," असे जी स्पष्ट कळवते, तिने त्या दिवशी एक विक्री गमावली आणि गिऱ्हाईक कायमचे जोडले. 'नाही' म्हणण्याचे हे धैर्य कुठल्याही शिबिरात शिकवत नाहीत.

आता थोडे आपल्याविषयी. कारण नाते एका हाताने जुळत नाही. ओळखीच्या बाईने फराळाची यादी धाडली, की आपण तिला अंगठा दाखवतो, तोही फोनवरचा, आणि त्यालाच प्रोत्साहन समजतो. भाव पाहून म्हणतो, "इतके? तू तर घरचीच!" घरचीच म्हणून तिच्या तुपाला, गॅसला आणि रात्रीच्या जागरणाला दाम नाही काय? २०१६ सालापासून यूपीआय आले. पैसे धाडायला आता मिनिटही लागत नाही. तरी दिवाळीच्या चिवड्याचे पैसे तुळशीच्या लग्नापर्यंत रेंगाळतात! चकली मऊ निघाली तर तिला सांगत नाही, पाच मैत्रिणींना सांगतो. तिने खोटी माया दाखवू नये, हे खरे. पण मग आपणही फुकटी माया दाखवू नये.

नाते म्हणजे माल खपवण्याची युक्ती नव्हे. सांगितलेला भाव, दिलेला शब्द आणि चुकता केलेला हिशेब, एवढ्या तीन गोष्टींतून ते आपोआप उगवते. मग निरोप पोस्टकार्डावर लिहा की फोनवर. पाडव्याला नवी वही उघडताना विकणाऱ्याने त्यात पहिल्या पानावर आपला भाव लिहावा. आणि घेणाऱ्याने, वहीपूजनाला जाण्याआधी, आपली थकबाकी!