रोजच्या गाडीला चार चाकांचा जोर : किती, केव्हा व कोणता?

नाशिक जिल्ह्यात अनेक शेतकऱ्यांच्या अंगणात आता ट्रॅक्टरच्या शेजारी जीपगाडी अथवा पिकअप उभी असते. द्राक्षांचे क्रेट, कांद्याच्या गोण्या, खते व औषधे वाहून नेणे, आजारी माणसाला तालुक्याच्या गावी पोहोचविणे, मुलांना शाळेत सोडणे, ही सारी कामे तीच गाडी करते. अशी गाडी घेताना ती ‘फोर बाय फोर’ असावी काय, आणि असावी तर चार चाकांचा जोर दांड्याने जोडावयाचा की तो आपोआप जोडला जाणारा असावा, हा प्रश्न शेतकरी बंधू आता विचारू लागले आहेत. प्रश्न वरकरणी यंत्राचा दिसतो. परंतु त्याचे उत्तर जमीन, पाऊस व वाट यांवर अवलंबून आहे. म्हणूनच शेतीविषयक पत्रिकेत त्याचा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

आमचे मत आरंभीच स्पष्ट केलेले बरे. ज्याची गाडी वर्षातील बहुतेक दिवस डांबरी रस्त्यावर धावते, परंतु ज्याच्या वाटेवर पावसाळ्यात चिखलाचा अथवा खड्या चढाचा ठरलेला तुकडा आडवा येतो आणि तो टाळता येत नाही, त्याने दांड्याने जोडावयाची पद्धत पत्करावी. ज्याला खरा धोका ओल्या डांबरावर, घाटात व धुक्यात आहे आणि ज्याची गाडी घरातील अनेक माणसे चालवितात, त्याने स्वयंचलित पद्धत घ्यावी. ज्याच्या वाटेवर यांपैकी काहीच नाही, त्याने दोन चाकांच्या जोरावर चालणाऱ्या गाडीवर समाधान मानावे व उरलेला पैसा चांगल्या टायरांत आणि शेतरस्त्याच्या मुरमात घालावा. जिल्ह्यातील पुष्कळसे शेतकरी या तिसऱ्या वर्गात मोडतात, असे आम्हांस वाटते.

दोन पद्धतींतील भेद

दांड्याने जोडावयाची पद्धत आपल्या खेड्यांना नवी नाही. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली, तेव्हापासून विकास गटाची जीप खेडोपाडी ओळखीची झाली. त्या जीपमध्ये साधारणतः मागची चाके ओढत; चिखल लागला की चालक दांडा ओढून पुढची चाके जोडी, आणि चढ अवघड असेल तर दुसऱ्या दांड्याने हळू गतीचा, अधिक ताकदीचा गिअर घाली. २०२० साली बाजारात आलेल्या व नाशिकच्याच महिंद्र कारखान्यात तयार झालेल्या नव्या थार गाडीतही मूळ तत्त्व हेच आहे. २०२३ साली आलेली पाच दारांची जिम्नी हीदेखील याच पद्धतीची होय. काही गाड्यांत दांड्याऐवजी बटण असते. पण केव्हा जोडावे व केव्हा सोडावे, हा निर्णय चालकाचाच असतो.

स्वयंचलित पद्धतीत गाडी सामान्यतः पुढच्या चाकांवर चालते. चाके घसरू लागल्याची अथवा घसरण्याच्या बेतात असल्याची खूण यंत्रास मिळताच, मध्ये बसविलेला अनेक चकत्यांचा क्लच दाबला जातो व काही जोर मागच्या चाकांकडे जातो. चालकास काही करावे लागत नाही. पुण्याजवळ रांजणगाव येथे २०१७ पासून तयार होऊ लागलेली कंपास, तसेच २०२१ ची एक्सयूव्ही ७०० या गाड्यांच्या काही नमुन्यांत अशी योजना करण्यात आली. मात्र या प्रकारच्या बहुतेक गाड्यांत हळू गतीचा वेगळा गिअर नसतो, आणि खोल चिखलात क्लच बराच वेळ घासत राहिला तर तो तापतो व यंत्र स्वतःच्या रक्षणासाठी मागचा जोर काही काळ काढून घेते.

डांबरावर दांडा का ओढू नये

दांड्याच्या पद्धतीत एक मर्यादा आहे व ती समजून घेतल्याविना ही गाडी घेऊच नये. गाडी वळते तेव्हा पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळावर फिरतात. पुढच्या व मागच्या आसांत अडीच मीटर अंतर असेल आणि मागच्या आसाचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत असेल, तर एका पूर्ण फेऱ्यात तो सुमारे ३१.४ मीटर चालतो. पुढच्या आसाचा मध्य मात्र सुमारे ३५.१ मीटर चालतो. म्हणजे पुढच्या चाकांना सुमारे दीड फेरा अधिक घ्यावा लागतो. दांडा ओढल्यावर दोन्ही आस एकमेकांस घट्ट बांधले जातात व हा फरक भरून निघण्यास वाव राहत नाही. चिखलात चाके थोडी घसरून तो भरून काढतात. कोरड्या डांबरावर ती घसरत नाहीत. मग टायर खरवडतात, सुकाणू जड होते, आसांच्या दांड्यांत पीळ बसतो आणि जोडणी सोडू म्हटले तरी सुटत नाही.

ज्यांच्याकडे फोर बाय फोर ट्रॅक्टर आहे, त्यांस ही गोष्ट लगेच पटेल. ट्रॅक्टरची पुढची चाके शेतात ओढीत पुढे राहावीत म्हणून त्यांची गती मागच्या चाकांहून शेकडा १ ते ५ इतकी अधिक ठेवलेली असते. तोच ट्रॅक्टर पुढची चाके जोडलेली ठेवून डांबरावर रोज पळविला, तर पुढच्या टायरांची नक्षी एक-दोन हंगामांतच गुळगुळीत होऊ लागते. जो शेतकरी ट्रॅक्टरचा दांडा बाजाराच्या रस्त्यावर आठवणीने सोडतो, त्याला गाडीचा दांडा सांभाळणे अवघड नाही.

जिल्हा एक, वाटा अनेक

नाशिक जिल्ह्याला एकच सल्ला लागू पडत नाही. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा या पश्चिमेकडील तालुक्यांत पाऊस मुसळधार, वाटा चढउताराच्या आणि पाड्यांपर्यंतचे रस्ते पुष्कळ ठिकाणी मातीचे आहेत. तेथे भात व नागली लावण्याच्या दिवसांत पाड्यावर पोहोचणारा कार्यकर्ता अथवा तेथेच राहणारा शेतकरी यांना हळू गतीच्या गिअरची गरज भासते. ओझे भरलेली गाडी निसरड्या चढावर वेगाच्या बळावर नव्हे, तर संथ व सारख्या ओढीने चढते. अशांस दांड्याची गाडीच योग्य.

याउलट निफाड, येवला, सिन्नर, नांदगाव या पूर्वेकडील तालुक्यांत पाऊस त्या मानाने फारच कमी. वर्षाचे बहुतेक महिने वाट कोरडी असते आणि लासलगाव वा पिंपळगाव बसवंतच्या बाजारास जाणारा रस्ता डांबरी आहे. चार-सहा ओल्या दिवसांसाठी वर्षभर अधिक वजन वाहणे, अधिक इंधन जाळणे आणि खरेदीच्या वेळी लाखाच्या घरातील जादा रक्कम मोजून तिचे व्याज भरणे, हा हिशेब जमत नाही.

तिसरी वाट घाटाची. जो नित्य कसारा घाटातून मुंबईकडे अथवा सावळ घाटातून पेठकडे जातो, त्याला चिखल क्वचितच लागतो. पण कोठे ओले, कोठे कोरडे असे डांबर व दाट धुके सारखे भेटते. येथे दांड्याची पद्धत अडचणीची ठरते, कारण क्षणाक्षणाला जोडणे-सोडणे शक्य नसते. स्वयंचलित योजना हे काम मुकाट्याने करते. तिचा हा गुण मान्य केलाच पाहिजे. परंतु चार चाकांचा जोर गाडीला चालविण्यास मदत करतो, थांबविण्यास नव्हे, हे विसरू नये. उतारावर गाडी थांबते ती टायर, ब्रेक व चालकाचा संयम यांच्या बळावर. झिजलेले टायर असलेल्या स्वयंचलित गाडीपेक्षा चांगले टायर असलेली साधी गाडी घाटात अधिक भरवशाची.

वाफशाचा नियम गाडीलाही लागू

आता आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. वाफसा आल्याविना शेतात औत घालू नये, हे आपल्या वाडवडिलांनी सांगितले व शास्त्रानेही मान्य केले. ओल्या काळ्या जमिनीवर वजन पडले की मातीतील पोकळ्या दबतात, हवा व पाणी खेळत नाही, मुळे वाढत नाहीत. हा नियम बैलाच्या पावलाला लागू असेल, तर दीड-दोन टन वजनाच्या गाडीला तो अधिकच लागू आहे. दोन चाकांची गाडी बांधावरच फसते व जमीन वाचते. चार चाकांची गाडी आत जाते आणि चाकोरीखाली घट्ट थर ठेवून येते. गाडीची ताकद वाढली की मोहही वाढतो.

शिवाय काळ्या मातीचा चिखल हा वाळूसारखा नसतो. चिकणमाती टायरच्या नक्षीत भरून बसते व चाक गुळगुळीत गोळ्यासारखे होते. मग चारही चाके फिरतात आणि गाडी जागीच खोल जाते. अशा वेळी दांडा व यंत्र दोन्ही निरुपयोगी. काठावर थांबण्याचे शहाणपणच उपयोगी पडते.

कोणी म्हणेल की, ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला व केवड्याचा धोका उभा राहिला, तर ओल्या बागेत फवारणीस जावेच लागते. हे खरे आहे. परंतु ते काम बागेच्या ओळींत मावणाऱ्या लहान फोर बाय फोर ट्रॅक्टरचे आहे, रोजच्या गाडीचे नव्हे. ज्याच्या घरी असा ट्रॅक्टर आहे, त्याच्याकडे चार चाकांचा जोर आधीच आहे. गाडी डांबराच्या कडेला ठेवावी व ओल्या दिवशी माल ट्रॉलीने तेथवर आणावा. एकाच कामासाठी दोनदा पैसे मोजण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप असा की, यंत्र स्वतः ठरविते तर माणसाने डोके का शिणवावे? यावर आमचे उत्तर असे की, दांडा ओढण्यापूर्वी चालकास क्षणभर थांबून समोरची वाट पाहावी लागते. आणि त्या क्षणी ‘आज आत न गेलेलेच बरे’ हाही निर्णय त्याला सुचू शकतो. जो शेतकरी स्वतःची जमीन ओळखतो, त्याच्या हाती हा निर्णय राहावा, हे इष्ट होय. मात्र गाडी ज्यांच्या हाती जाते, त्या प्रत्येकाने ही पद्धत शिकलेली असली पाहिजे. ते होणार नसेल, तर स्वयंचलित गाडी अधिक सुरक्षित, हे प्रांजळपणे मान्य करावे.

गाडी घेतल्यावर पाळावयाच्या गोष्टी

दांड्याची गाडी असल्यास चिखल सुरू होण्यापूर्वीच जोडणी करावी. फसल्यावर चाके गरगर फिरवून ती करू नये. डांबर लागताच जोडणी सोडावी. कोरड्या दिवसांतही महिन्यातून एकदा मातीच्या वाटेवर थोडे अंतर ती जोडून चालवावी, म्हणजे आतील भागांना तेल पोहोचते. स्वयंचलित गाडीचे चारही टायर एकाच मापाचे व सारख्याच झिजेचे ठेवावेत. लहानमोठ्या चाकांमुळे क्लचवर विनाकारण ताण पडतो. मऊ जमिनीवर टायरमधील हवा थोडी कमी केल्यास चाकाची टेक वाढते. परंतु डांबरावर वेगाने जाण्यापूर्वी ती पुन्हा भरलीच पाहिजे. गाडी खोल पाण्यातून गेली असेल, तर आस व गिअर यांचे तेल तपासावे. ते दुधासारखे पांढरट दिसले तर आत पाणी शिरले आहे असे समजून ताबडतोब बदलावे.

फरशी पुलावरून पाणी वाहत असता कोणतीही गाडी घालू नये. फूटभर वाहते पाणी लहान मोटार उचलू शकते आणि दोन फूट वाहते पाणी बहुतेक गाड्या ओढून नेते. चाक जमिनीवरून उचलले गेले की त्याला जोर असला काय नि नसला काय, फरक पडत नाही. पाणी उतरेपर्यंत थांबणे हाच एक उपाय होय.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस आमची विनंती अशी की, शेतकऱ्याने गाडीविषयी सल्ला विचारला तर जाहिरातीतील डोंगरकड्याचे चित्र बाजूला ठेवून त्याला तीन प्रश्न विचारावेत : तुमच्या वाटेतील सर्वांत वाईट तुकडा किती लांबीचा आहे? तो वर्षातून किती दिवस वाईट असतो? आणि गाडी कोण कोण चालविणार? या तीन उत्तरांवरून कोणती गाडी घ्यावी, हे बहुधा शेतकऱ्यास स्वतःच उमगेल.

आणि तो वाईट तुकडा अर्ध्या-पाऊण किलोमीटरचाच निघाला, तर आणखी एक विचार अवश्य मांडावा. त्या वाटेवर पाच-दहा शेतकऱ्यांची वहिवाट असते. प्रत्येकाने फोर बाय फोर गाडीसाठी जादा रक्कम मोजण्याऐवजी सर्वांनी मिळून दोन्ही बाजूंस चर काढले, पाण्याला वाट दिली व मुरूम टाकून दाबला, तर दोन चाकांची गाडी, बैलगाडी, शाळेत जाणारे मूल व बाळंतीण या सर्वांचीच सोय होते. राज्य शासनाने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना याच गरजेतून आखली. गाडी एका घराची असते, वाट साऱ्या शिवाराची. म्हणून गाडीचा विचार करण्यापूर्वी ग्रामसभेत वाटेचा विचार व्हावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.