पगार कुणाचा, हिशेब कुणाला?



मागच्या बैठकीत एक विषय अर्धा राहिला. बाहेरच्या एका चर्चची मदत-संस्था आपल्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन आणि फिरायला एक जीप द्यायला तयार आहे. काही वाड्या म्हणतात, घ्या. काही म्हणतात, घेतली तर गावात बोंब होईल, "हे मिशनवाले, बाटवायला निघालेत." पुढच्या बैठकीत निर्णय करायचा आहे, म्हणून आमचं मत इथं सरळ लिहितो. हे पैसे घेऊ नयेत. पण त्याचं कारण धर्म नाही.

आधी बोंब मारणाऱ्यांचं बघू. मिरजेचा मिशन दवाखाना १८९४ साली सुरू झाला. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चने पाठवलेल्या डॉ. वानलेसांनी तो उभा केला. तिथं ऑपरेशन करून घेताना गावच्या बागायतदाराला धर्म आठवत नाही. आम्ही सात-बारा मागितला की मात्र लगेच आठवतो! आमच्यातलं एखादं घर प्रार्थनेला जात असेल तर तो त्या घराचा हक्क आहे, घटनेनं दिलेला. ते घर प्रार्थनेला जातं म्हणून त्याची गेलेली जमीन परत मिळत नाही, आणि जात नाही म्हणूनही मिळत नाही. धर्मांतराचा गलका करून जमिनीचा प्रश्न झाकायचा, एवढाच हा डाव आहे.

आता मदतीचं बोलू. चर्च आपला मिशनरी कसा सांभाळत आलं, हे नीट समजून घ्यायला पाहिजे. १८१३ साली अमेरिकन मिशनचे पहिले लोक मुंबईत उतरले, पुढे नगर, सातारा, महाबळेश्वर असे पसरले. त्यांच्या मागे तिकडच्या साध्या साध्या मंडळ्या होत्या. शेतकरी, दुकानदार, बायकांची मंडळं नेमानं पैसे गोळा करायची. माणूस पाठवला की त्याला आधी मराठी शिकायला लावायचे. आजारपण, पोरांचं शिक्षण, काही वर्षांनी रजेवर घरी जाणं, सगळं बघायचे. तो पत्र लिहायचा, ते पत्र मंडळीत वाचलं जायचं.

हे शिकण्यासारखं आहे, उगाच नावं ठेवू नयेत. आपल्याकडे शहरातून आलेला साथी वाडीवर तासभर भाषण करतो आणि कातकरी म्हातारी काय बोलली ते त्याला कळत नाही. आपला कार्यकर्ता कोर्टाच्या तारखेला पदरचे पैसे घालून साताऱ्याला जातो, तेव्हा जेवलास का असं आपण त्याला विचारत नाही. तो तापानं पडला तर त्याचं घर कोण चालवतं?

पण मेख पुढे आहे. मिशनरी राहायचा इथं आणि हिशेब द्यायचा बोस्टनला, न्यूयॉर्कला. जो पैसा देतो तोच विचारणार, काय केलंस? मग जे काम अहवालात चांगलं दिसतं तेच काम वाढत जातं. शाळा दिसते, दवाखाना दिसतो. जमिनीचा दावा दहा वर्षं चालतो आणि दहाव्या वर्षी हरतोसुद्धा. तो अहवालात कसा लिहिणार? सरकारनं १८७१ पासून केलेल्या कायद्यांनी आमच्या पारधी भावंडांसारख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि पुढे काटेरी तारेच्या सेटलमेंटमध्ये कोंडलं. त्यातली सोलापूरची सेटलमेंट अमेरिकन मराठी मिशनकडे चालवायला होती. त्यांचा हेतू वाईट होता असं आम्ही म्हणत नाही. पण ज्यांना आत कोंडलं होतं त्यांच्यापुढे हिशेब ठेवायची गरज कुणालाच नव्हती.

ही अडचण मिशनच्या लोकांनाही कळत होती. बोस्टनच्या मिशन बोर्डाचे सेक्रेटरी रुफस अँडरसन १८५४-५५ साली हिंदुस्थानात आले होते. ते म्हणायचे, इथल्या मंडळीनं आपला कारभार आपण करावा, खर्च आपण भागवावा आणि प्रसारही आपणच करावा. १९०५ साली सेरामपूरला हिंदी ख्रिस्ती लोकांनीच नॅशनल मिशनरी सोसायटी काढली, माणसं इथली आणि पैसाही इथला. आणि आपल्या साताऱ्यातलंच बघा. कवी नारायण वामन टिळक अमेरिकन मिशनमध्ये वर्षानुवर्षं होते. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, साताऱ्यात येऊन राहिले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. १९१९ ला ते वारले, दरबाराला फार दिवस मिळाले नाहीत. टिळकांनी धर्म सोडला नव्हता, पगार सोडला होता. देवाच्या कामालासुद्धा बाहेरचा पगार आड येतो असं त्यांना वाटलं असेल, तर जमिनीच्या लढ्याला तो किती आड येईल?

आणखी एक. १९७६ पासून परदेशी देणगीवर कायदा आहे. म्हणजे नळाची एक चावी देणगीदाराकडे आणि दुसरी दिल्लीकडे. आपण मोर्चा काढला आणि कुणी वरून चावी फिरवली, तर जीप त्याच दिवशी थांबेल. जीपची सवय झालेले पाय मग डोंगर चढतील का?

कुणी म्हणेल, उपाशी कार्यकर्ता काय लढणार? बरोबर आहे. म्हणून त्याला आपणच जेवू घालायचं. पंधरा वाड्या, वाडीला वीस घरं धरली तर तीनशे घरं होतात. घरटी महिना दोन रुपये म्हणजे सहाशे रुपये. सुगीला घरटी एक पायली नाचणी नाहीतर जोंधळा. ऊसतोडीला, वीटभट्टीला गेलेल्यांनी परत आल्यावर एका दिवसाची मजुरी द्यावी. ज्याच्याकडे काहीच नाही त्यानं कार्यकर्त्याला एक रात्र मुक्काम द्यावा, तोही वर्गणीत धरायचा. आणि दर अमावास्येला हिशेब वाडीवर उभं राहून वाचायचा, म्हाताऱ्या बायकांना समजेल अशा बोलीत.

त्या चर्चला काय कळवायचं? तुमचा मान ठेवतो, पैसे नकोत. खरंच मदत करायची असेल तर आमच्या जमिनीच्या प्रश्नावर तुमच्या मंडळीत बोला. मोर्चाला या, आपली भाकरी आपण बांधून या.

पुढच्या बैठकीला प्रत्येक वाडीनं ठरवून यावं. येताना पहिली वर्गणी घेऊन यावी.

जमीन आमच्या हक्काची!