काळ सोकावू नये म्हणून...

४ जुलै २०२३ची सकाळ. धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात, मुंबई-आग्रा महामार्गावरील पळासनेर येथे ब्रेक निकामी झालेला एक कंटेनर समोरच्या वाहनांना धडका देत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा जणांचा बळी गेला. बिजासनचा घाट उतरून येणाऱ्या अवजड वाहनांचे भय या भागाला नवे नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन राष्ट्रीय महामार्ग धुळ्यापाशी एकमेकांना छेदतात. यातला दुसरा कोंडाईबारीचा घाट उतरून येतो आणि पुढे पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ अशी खान्देशची वस्ती ओलांडत विदर्भाकडे जातो. कापूस, केळी, सिमेंट, ज्वालाग्राही वायू, रसायने, सारे काही याच रस्त्यांवरून जाते. त्या ट्रकांच्या पोटात काय आहे, हे रस्त्याकडेच्या गावांना क्वचितच ठाऊक असते.

या पार्श्वभूमीवर एका फारशा न चर्चिल्या जाणाऱ्या विषयाकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. तो विषय म्हणजे किरणोत्सारी पदार्थांची व किरणोत्सारी कचऱ्याची वाहतूक आणि तिच्यासाठी मागितली जाणारी नियमांतील सवलत. ‘किरणोत्सारी’ हा शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे अणुबॉम्ब उभा राहतो. वास्तव मात्र बरेच साधे आहे. कर्करोगावरील उपचारांत कोबाल्ट-६० वापरले जाते. लासलगावच्या विकिरण केंद्रात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून तेच कामी येते. बॉयलरचे आणि वाहिन्यांचे जोड तपासण्यासाठी इरिडियम-१९२ची लहानशी कुपी गावोगाव फिरते. खान्देशच्या पश्चिमेला, गुजरातच्या तापी जिल्ह्यात काकरापारचे अणुवीज केंद्र उभे आहे. तेथील ७०० मेगावॅट क्षमतेच्या दोन स्वदेशी अणुभट्ट्यांनी २०२३ आणि २०२४ साली व्यावसायिक उत्पादन सुरू केले. ही देशाच्या स्वावलंबनाची कमाई आहे आणि तिचा अभिमान प्रत्येक भारतीयाला असलाच पाहिजे. परंतु जे वापरले जाते ते कधीतरी निकामी होते, आणि निकामी झालेले कोठेतरी न्यावेच लागते. प्रश्न सुरू होतो तो येथे.

अशा पदार्थांसाठी वापरले जाणारे पात्र म्हणजे महामार्गावर दिसणारा पत्र्याचा कंटेनर नव्हे. शिसे, पोलाद यांसारख्या धातूंचे जाड कवच असलेले ते भक्कम पात्र असते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या नियमांवर बेतलेली अणुऊर्जा नियामक मंडळाची संहिता भारतात लागू आहे. तीव्र किरणोत्सारी पदार्थांसाठी जे ‘बी’ प्रकारचे पात्र लागते, त्याच्या कसोट्या कठोर आहेत. नऊ मीटर उंचीवरून न दबणाऱ्या पृष्ठभागावर पडणे, एक मीटर उंचीवरून उभ्या पोलादी दांड्यावर आदळणे, ८०० अंश सेल्सियस तापमानाच्या आगीत अर्धा तास होरपळणे, पाण्यात बुडून राहणे, या साऱ्यांतून ते सुरक्षित बाहेर पडते हे सिद्ध करावे लागते. पळासनेरसारख्या प्रसंगांचा विचार करूनच हे नियम घडले आहेत.

मग सवलत कशासाठी? याचे उत्तर व्यवहारात आहे. एखाद्या रुग्णालयातील कोबाल्टचे यंत्र दोन-तीन दशके जुने असते. त्याच्या पात्राला एके काळी मिळालेल्या मान्यतेची मुदत टळलेली असते, उत्पादक परदेशी असतो, मूळ आराखडे सापडत नाहीत. कधी निकामी वस्तू इतकी अवजड असते की तिला सामावणारे पात्रच जगात नसते. अशा वेळी सर्व अटी पूर्ण करणे अशक्य होते. त्यासाठी संहितेतच ‘विशेष व्यवस्था’ नावाची तरतूद आहे. जी अट पाळता येत नाही तिच्या बदल्यात अन्य उपाय योजावेत आणि एकंदर सुरक्षा नियमांनी अपेक्षिलेल्या पातळीपेक्षा तसूभरही कमी होऊ नये, हे तिचे सूत्र आहे. हे सूत्र सांभाळले तर सवलत ही नियमाची पळवाट ठरत नाही.

सवलत नाकारून वस्तू जागेवर पडू देणे हेही किती घातक ठरते, हे दिल्लीतील मायापुरीने २०१० साली दाखवून दिले. दिल्ली विद्यापीठात वर्षानुवर्षे वापराविना पडलेले एक गॅमा विकिरण यंत्र लिलावात भंगार म्हणून विकले गेले. भंगार बाजारात ते फोडले गेले, आतील कोबाल्ट-६० कामगारांच्या हाती लागले आणि एका कामगाराचा मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले. ब्राझीलमधील गोइयानिया शहरात १९८७ साली असेच एक बेवारस वैद्यकीय यंत्र फोडले गेले होते. तेथे चौघांनी प्राण गमावले. या दोन्ही दुर्घटना रस्त्यावर घडल्या नाहीत. जे वेळीच हलवायला हवे होते ते हलवले गेले नाही, म्हणून त्या घडल्या.

जगाने सवलती कशा दिल्या, हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील ऑरेगन राज्यातल्या ट्रोजन अणुकेंद्राचे सुमारे नऊशे टनांचे अणुभट्टी-पात्र १९९९ साली काँक्रीटने भरून कोलंबिया नदीतून तराफ्यावरून हॅनफर्ड येथे पुरण्यासाठी नेण्यात आले. त्याला नऊ मीटरच्या पतन-चाचणीतून सूट मिळाली होती. पण ती एकाच फेरीसाठी, एकाच ठरलेल्या मार्गासाठी आणि कडक बंधनांसह. कॅनडात ब्रूस केंद्राची सोळा निकामी बाष्पजनित्रे पुनर्वापरासाठी स्वीडनला पाठवण्याचा प्रस्ताव आला. नियामकाने २०१०मध्ये जाहीर सुनावणी घेतली, आक्षेप ऐकले आणि २०११मध्ये विशेष व्यवस्थेखाली परवाना दिला. तरीही विरोध शमला नाही आणि ती जनित्रे गेलीच नाहीत. निर्णय योग्य होता की अयोग्य, यावर मतभेद होऊ शकतात. परंतु सवलत कोणी, का आणि कोणत्या अटींवर मागितली हे तेथील नागरिकांना ठाऊक होते.

नियमांकडे डोळेझाक झाली की काय होते? जानेवारी २०२३मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात खाणीतून पर्थकडे निघालेल्या ट्रकमधून सिझियम-१३७ची अवघी आठ मिलिमीटर लांबीची कुपी रस्त्यात पडली. वाहनाच्या हादऱ्यांनी उपकरणाचे स्क्रू सैल झाले, एवढेच निमित्त! सुमारे चौदाशे किलोमीटरचा रस्ता धुंडाळावा लागला. १ फेब्रुवारीला ती सापडली, हे त्या देशाचे भाग्य. तेथील रस्ता सपाट आणि निर्मनुष्य होता. फागणे ते तरसोद या टप्प्याच्या चौपदरीकरणासाठी ज्यांनी वर्षानुवर्षे खड्ड्यांत हाडे खिळखिळी करून घेतली, त्या जळगाव-धुळेकरांना हादऱ्यांनी स्क्रू सैल होणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

आपल्याकडील नियामक व्यवस्थेविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ दीर्घकाळ केवळ शासकीय आदेशाच्या आधारावर उभे होते. देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०१२च्या अहवालात मंडळाच्या स्वायत्ततेतील उणिवा दाखवल्या. नियम मोडणाऱ्यास होणाऱ्या दंडाची कमाल रक्कम अवघी पाचशे रुपये असल्याचेही त्यांनी निदर्शनास आणले. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने संमत केलेल्या ‘शांती’ कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा देण्याची तरतूद केली आणि त्याच वेळी अणुऊर्जा क्षेत्राचे दार खासगी कंपन्यांसाठी उघडले. दोन्ही गोष्टींचे स्वागत करतानाच हेही ओळखले पाहिजे, की उद्या सवलत मागणारा अर्जदार सरकारी विभागच असेल असे नाही. ज्याच्या डोळ्यांपुढे वेळ आणि खर्च यांचा हिशेब आहे, तोही अर्ज घेऊन उभा राहील. सुरक्षेसाठी मागितलेली सवलत आणि सोयीसाठी मागितलेली सवलत यांतील भेद ओळखणे, ही नियामकाची खरी कसोटी ठरणार आहे. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो!

म्हणून काही अपेक्षा आग्रहाने मांडल्या पाहिजेत. प्रत्येक सवलत एका फेरीपुरती, एका मार्गापुरती असावी. दाखला देऊन पुढची सवलत मागण्याची प्रथा पडू नये. वाहतुकीचा दिवस आणि वेळ गुप्त ठेवणे घातपाताच्या धोक्यामुळे योग्यच आहे. पण वाहतूक पूर्ण झाल्यावर सवलतीची कारणे आणि अटी प्रसिद्ध करण्यास कोणती आडकाठी आहे? पावसाळ्यात घाटरस्ते टाळावेत, वेगमर्यादा आणि सोबतचे पथक बंधनकारक असावे. चालकाजवळ असणारे आपत्कालीन सूचनापत्र त्याला वाचता येईल अशा भाषेत असावे. धुळ्यात राज्य आपत्ती प्रतिसाद दल आहे, दोन्ही जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आहे. शिरपूर, पारोळा, भुसावळ येथील अग्निशमन दलांना आणि महामार्ग पोलिसांना किरणमापक उपकरण हाताळता यावे, तीन पात्यांचे ते पिवळे-काळे चिन्ह ओळखता यावे, एवढे प्रशिक्षण या यंत्रणांमार्फत देणे मुळीच अवघड नाही. आग लागल्यावर विहीर खणण्यात शहाणपण नाही.

आणि नागरिकांचे काय? २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यातील परधाडेजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली. प्रवाशांनी भराभर रुळांवर उड्या टाकल्या आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली डझनभर माणसे चिरडली गेली. आग नव्हतीच! माणसे मेली ती अफवेने. उद्या महामार्गावर असे पात्र असलेले वाहन कलंडले, तर आतील पदार्थ कदाचित जागचा हलणारही नाही. पण अज्ञानापोटी उडालेल्या धावपळीचे काय? एकीकडे अणूचे नाव काढताच भयगंड पसरवणारी मंडळी आणि दुसरीकडे सारे काही कपाटात कुलूपबंद ठेवणारी नोकरशाही, या दोघांच्या कात्रीत सामान्य माणूस सापडतो. त्यातून सुटकेचा मार्ग एकच आहे, आणि तो म्हणजे खरी माहिती, वेळेवर आणि आपल्या भाषेत.

अणुशक्ती ही राष्ट्राची शक्ती आहे, यात शंका नाही. परंतु राष्ट्राची शक्ती त्याच्या भट्ट्यांत जितकी असते, तितकीच त्याच्या शिस्तीत असते. पळासनेरच्या वळणावर उभ्या असलेल्या माणसाला कोणत्या ट्रकात काय आहे हे कळले नाही तरी चालेल; पण ते ज्याने भरले आणि ज्याने त्याला परवानगी दिली, त्याने नियमांत काटकसर केलेली नाही, एवढा विश्वास त्याला वाटलाच पाहिजे. तो विश्वास देण्याच्या कर्तव्यातून मात्र कोणालाही सवलत नाही.