८५८ टेराबाइट सरकारी डेटा जळाला आणि दुसरी प्रतच नव्हती: कोरियात नेमकं काय चुकलं?

२६ सप्टेंबर २०२५ ची रात्र. दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरच्या पाचव्या मजल्यावर यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम सुरू होतं. त्यातल्या एका बॅटरीनं पेट घेतला. आग पूर्ण विझायला सुमारे २२ तास लागले आणि तोवर ३८४ बॅटऱ्या खाक झाल्या. सेंटर बंद करावं लागल्यानं पोस्ट, मोबाइल ओळखपत्र, सरकारी ईमेल अशा सातशेहून जास्त यंत्रणा एकदम थांबल्या.

बहुतेक यंत्रणा पुढच्या काही आठवड्यांत टप्प्याटप्प्यानं परत आल्या. एक मात्र आली नाही, तिचं नाव जी-ड्राइव्ह.

जी-ड्राइव्ह म्हणजे कोरियन सरकारी कर्मचाऱ्यांचं सामायिक कपाट. २०१८ मध्ये ते सुरू झालं आणि प्रत्येकाला ३० जीबी जागा मिळाली. सुमारे सव्वा लाख कर्मचारी ते वापरत होते. मनुष्यबळ खात्यात तर कामाच्या फायली स्वतःच्या कॉम्प्युटरवर न ठेवता जी-ड्राइव्हवरच ठेवायच्या, असा शिरस्ता होता. म्हणजे ज्यांनी नियम काटेकोर पाळला, त्यांचंच सर्वांत जास्त गेलं. एकूण ८५८ टेराबाइट.

'डेटा फार मोठा होता'

आगीत थेट जळालेल्या यंत्रणा होत्या ९६. त्यातल्या बहुतेकांचा बॅकअप दुसरीकडे होता. जी-ड्राइव्हचा का नव्हता? अधिकाऱ्यांनी कारण दिलं ते असं: ही मोठ्या क्षमतेची, कमी वेगाची स्टोरेज यंत्रणा होती, त्यामुळे बाहेर बॅकअप ठेवणं शक्य नव्हतं.

हे कारण आकड्यांवर तपासून पाहता येतं. १० गिगाबिट वेगाच्या लाइनवरून ८५८ टेराबाइट पाठवायला साधारण आठ दिवस लागतात. टेपचा पर्याय घेतला, तर एलटीओ-९ प्रकारच्या एका कॅसेटवर १८ टेराबाइट मावतात. म्हणजे ४८ कॅसेट, कपाटाच्या एका खणात राहतील एवढ्या. एकाच टेप ड्राइव्हनं पूर्ण वेगात लिहिलं तरी पंचवीसेक दिवसांचं काम. छोट्या फायली लाखोंनी असतील तर वेग घसरतो आणि हे दिवस दुप्पट-तिप्पटही होतील. पण पहिली प्रत एकदाच काढायची असते. पुढे रोज फक्त बदललेल्या फायली उचलायच्या.

तेव्हा अडचण ८५८ या आकड्यात नव्हती. भरपूर जागा देणारी, पण संथ यंत्रणा निवडली त्याच दिवशी तिची दुसरी प्रत कशी आणि कुठे ठेवायची हे ठरायला हवं होतं, आणि तो खर्च त्याच निविदेत धरायला हवा होता.

कंपन्या इथेच फसतात

स्टोरेज घेताना कोटेशनांची तुलना होते ती प्रति टेराबाइट किमतीवर. मग विक्रेता सांगतो, 'रेड आहे, दोन डिस्क गेल्या तरी डेटा सुरक्षित.' हे खरंच आहे. पण रेड डिस्क बिघडण्यापासून वाचवतं. आग, पूर, चुकून दाबलेलं डिलीट किंवा रॅन्समवेअर यांच्यापुढे त्याचा उपयोग नाही. दुसऱ्या शहरात तत्काळ प्रत जाते ती रेप्लिकेशनची सोयही बॅकअप नव्हे. इथे फाइल खराब झाली की काही क्षणांत तिथेही खराब होते.

क्लाउडवर टाकलं म्हणजे प्रश्न मिटला, असंही नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथलं ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं एक डेटा सेंटर जळालं. एका ग्राहकानं बॅकअपचे वेगळे पैसे भरले होते, पण त्या प्रतीही त्याच इमारतीत होत्या. २०२३ मध्ये न्यायालयानं त्याला भरपाई देण्याचा आदेश दिला. अर्थात भरपाईनं फायली परत येत नाहीत.

उलट उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. मे २०२४ मध्ये युनिसुपर या पेन्शन फंडाचं गुगल क्लाउडवरचं खातंच चुकीच्या सेटिंगमुळे पुसलं गेलं, दोन ठिकाणी ठेवलेल्या प्रतींसकट. फंडाचे सभासद सहा लाखांवर. पण त्यांनी आणखी एका कंपनीकडे बॅकअप ठेवला होता, आणि सेवा परत उभी राहण्यात त्याचा मोठा वाटा होता.

विक्रेत्याला काय विचारायचं?

ब्लॉक, फाइल की ऑब्जेक्ट स्टोरेज, हा प्रश्न इंजिनिअर सोडवतील. मालकानं विचारायचे प्रश्न दोनच: किती तासांचं काम गमावलं तर चालेल, आणि किती तासांत सगळं परत सुरू व्हायला हवं? दुसऱ्याचं उत्तर बहुतेक जण न मोजताच देतात. समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्याचा २० टेराबाइट डेटा क्लाउडवर आहे आणि इंटरनेट लाइन २०० एमबीपीएसची. सगळं परत उतरवायला नऊ दिवस लागतील, तेही लाइन एकदाही न तुटता. कारखाना नऊ दिवस थांबू शकतो का? शिवाय डेटा बाहेर काढण्याचे अनेक क्लाउड कंपन्या वेगळे पैसे लावतात. हा आकडा कोटेशनच्या पहिल्या पानावर सहसा नसतो.

भारतात यात कायद्याचाही भाग आहे. कंपन्यांनी हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपायची असतात. ती इलेक्ट्रॉनिक असतील तर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून बंधनकारक आहे. आधी नियमात 'ठरावीक काळानं' एवढंच म्हटलं होतं.

आणि बॅकअप आहे म्हणजे तो उघडतो, असं नाही. वर्षातून दोनदा तरी जुनी फाइल खरोखर परत आणून दाखवा, ही अट करारातच घालता येते. आढेवेढे घेणारा विक्रेता तिथेच कळतो.

जी-ड्राइव्हचं पुढे काय झालं? वरिष्ठांच्या मंजुरीसाठी गेलेली अधिकृत कागदपत्रं दुसऱ्या यंत्रणेत होती, ती वाचली. मसुदे, तक्ते, टिपणं गेली. कर्मचाऱ्यांनी मग आपापल्या कॉम्प्युटरवर उरलेल्या फायली, जुने ईमेल आणि छापील कागद गोळा करून त्यांतून हाती लागेल ते पुन्हा जुळवायला घेतलं.