जुने लेजर बंद करण्यापूर्वी

आमच्या घरातला कॉम्प्युटर २०१८ सालचा. निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी तो घेतला, कारण निवृत्तीनंतर रोज सकाळी चार तास लिहायचे हा बेत मी तीस वर्षे मनाशी बाळगून होतो. (चाराचे दोन झाले, ती गोष्ट वेगळी.) सात वर्षांत हे यंत्र एकदाही आजारी पडले नाही. आणि २०२५ च्या सप्टेंबरात एका सकाळी पडद्यावर सूचना आली, की १४ ऑक्टोबरनंतर विंडोज १० या प्रणालीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत, तेव्हा विंडोज ११ कडे जावे; मात्र आपले यंत्र त्यासाठी पात्र नाही.

बँकेत सदतीस वर्षे काढलेल्या माणसाला 'पात्र नाही' हे शब्द नवे नाहीत. कर्जाच्या कितीतरी अर्जांवर मी स्वतः ते लिहिले आहेत. पण अर्जदार समोर येऊन बसला, की त्याला कारण सांगावे लागे. इथे समोर बसायला कुणी नव्हते. दसऱ्याला पुतण्या पुण्याहून सांगलीला आला, तेव्हा त्याच्यापुढे मी गाऱ्हाणे मांडले.

त्याने अर्धा तास खटपट केली आणि म्हणाला, "काका, तुमचं मशीन म्हातारं नाही. त्याच्या किल्ल्या कुणी कधी लावल्याच नाहीत."

प्रकार असा होता. विंडोज ११ ला टीपीएम नावाची एक सोय लागते. गुप्त किल्ल्या सांभाळणारी ती एक छोटी तिजोरी. काही यंत्रांत तिची वेगळी चिप असते, आमच्यासारख्यांत ती प्रोसेसरच्याच पोटात असते. बँकेत स्ट्राँग रूमच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात, एकाने आपली लावली तरी दुसऱ्याशिवाय दार उघडत नाही. साधारण त्याच जातीची ही व्यवस्था. आमच्या यंत्रात ती होती, पण बंद होती. यंत्र सुरू होताना ज्या निळ्या पडद्याकडे आपण सहसा जात नाही, तिथे जाऊन त्याने ती चालू केली. एवढ्यावर भागले असते तर हा लेख लिहायचे कारण नव्हते.

दुसरी अडचण माझ्याच हट्टापायी झालेली होती. कॉम्प्युटर घेतला तेव्हा मी दुकानदाराला सांगून त्यात मुद्दाम बत्तीस बिटांचे विंडोज टाकून घेतले होते. प्रोसेसर एका घासाला किती मजकूर उचलतो, त्याचे हे बिटांचे माप. मी १९९६ साली मराठी लिहिण्यासाठी जे सॉफ्टवेअर घेतले ते सोळा बिटांच्या जमान्यातले. बत्तीस बिटांचे विंडोज १० अशा म्हाताऱ्याला सांभाळून घेते, चौसष्ट बिटांचे घेत नाही. आणि विंडोज ११ फक्त चौसष्ट बिटांतच निघाले. शिवाय बत्तिसातून चौसष्टात बढती मिळत नाही. पाटी पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

'पाटी पुसून' म्हटल्याबरोबर माझ्यातला बँकवाला जागा झाला.

डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल १९८४ साली आला आणि त्यानंतर काही वर्षांत शाखाशाखांतून लेजर पोस्टिंगची यंत्रे दिसू लागली. आमच्या शाखेत ते यंत्र आले तेव्हा कर्मचाऱ्यांच्या मनात धास्ती होती, घोषणाही झाल्या. पण मला आठवते ती दुसरीच गोष्ट. यंत्र आले म्हणून जाडजूड लेजरे कुणी दुसऱ्या दिवशी रद्दीत घातली नाहीत. कित्येक महिने प्रत्येक नोंद दोन्हीकडे व्हायची, एकदा शाईने आणि एकदा बोटाने. संध्याकाळी दोन्ही शिलका जुळवायच्या. अकरा पैशांचा फरक निघाला म्हणून रात्री नऊपर्यंत बसल्याचे माझ्या लक्षात आहे. आम्ही याला 'पॅरलल रन' म्हणत असू. नवे आणि जुने शेजारी शेजारी चालवायचे, आणि जुन्याचे प्रत्येक पान नव्यात सापडते अशी खात्री पटली म्हणजे मगच लेजरवर शेवटची सही करायची.

तेव्हा मी पुतण्याला बजावले, की जुन्या डिस्कला हात लावायचा नाही. तो हसला, पण ऐकले त्याने. जुनी डिस्क काढून ठेवली, नवी बसवली, मेमरी चारची आठ जीबी केली, आणि रात्री जेवणे होईतो विंडोज ११ सुरूही झाले. पडदा सुरेख दिसत होता. मी 'आई' नावाची फाईल नव्या डिस्कवर आणून उघडायला सांगितली.

पडद्यावर आल्या रोमन अक्षरांच्या रांगा, टोपी घातलेले ए, डॉलर, कंस आणि प्रश्नचिन्हे. बासष्ट पाने, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

या फाईलविषयी सांगितले पाहिजे. आईचे माहेर कुंडलजवळचे. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात, १९४३ ते ४६ मध्ये, ती नऊ ते बारा वर्षांची पोर होती. उसाच्या फडात लपलेल्यांना भाकऱ्या पोचवणे, कुणी विचारले तर काय सांगायचे ते आजीने पाठ करून घेणे, असे पुष्कळ ती सांगे. १९९७ च्या पावसाळ्यात दर रविवारी तिला समोर बसवून मी ते वहीत उतरवून घेतले आणि मग टाइप केले. २००३ मध्ये ती गेली. वह्या, छापलेली प्रत आणि सुरक्षितता म्हणून केलेली सीडी हे सगळे गावभागातल्या आमच्या घरात एकाच कपाटाच्या खालच्या खणात होते, आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरात त्या खणाचा लगदा झाला. कॉम्प्युटर माडीवर होता म्हणून वाचला. त्यानंतर सहा वर्षांत मी त्या फाईलची दुसरी प्रत काढली नाही. माझ्या हाताखालच्या कुणी असे केले असते, तर मी त्याला मेमो दिला असता.

पुतण्याने जुना फाँट नव्या प्रणालीत टाकून पाहिला. अर्धी अक्षरे आली, उरलेल्यांच्या जागी चौकोन. मग जुनी डिस्क परत जोडली, तर यंत्र म्हणे डिस्कच सापडत नाही. तो अर्धा तास मी खुर्चीत कसा बसलो होतो ते सांगत नाही. शेवटी उमगले, की नव्या प्रणालीसाठी निळ्या पडद्यावर जे बदल आम्ही केले होते, तेच जुनीला आत येऊ देत नव्हते. ते उलटे फिरवल्यावर रात्री सव्वाबाराला विंडोज १० उठले, त्याच्या मांडीवर तो १९९६ चा प्रोग्रॅम उठला, आणि आईचे पहिले वाक्य मराठीत दिसले. आम्ही आधी सगळी पाने छापून घेतली, बाकीचे नंतर.

आता दोष कुणाचा? कंपनीने दुरुस्त्या बंद केल्या यात मला गैर काही दिसत नाही. दाराची कडी मोडली आहे हे माहीत असताना त्या घरात रोकड ठेवू नये, आणि हल्ली आपली रोकड कॉम्प्युटरातूनच ये-जा करते. नोंदणी करणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढही कंपनीने जाहीर केली. माझी तक्रार आहे ती या क्षेत्राच्या एका सवयीबद्दल. नव्याची तारीख ठरवणारे आणि जुन्याची जबाबदारी वाहणारे इथे वेगळे असतात. बँकेत ती एकाच मॅनेजरच्या गळ्यात असे, म्हणून पॅरलल रन होत असे.

पण मराठी माणसाची अडचण याहून खोल आहे, आणि ती आपणच करून ठेवली. इंग्रजीत लिहिणाऱ्याची १९९७ ची साधी मजकुराची फाईल आजही उघडते. आपण मात्र त्या काळात अक्षरे नव्हे, अक्षरांची चित्रे साठवत होतो. रोमन अक्षरांच्या खणात कुणी काना बसवला, कुणी अर्धा श, कुणी रफार. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी, आणि ती गुप्त. १९९१ साली इस्की हे भारतीय लिप्यांचे प्रमाण ठरले होते, युनिकोडमध्येही त्याच वर्षी देवनागरी आली होती. पण विंडोजमध्ये देवनागरी वापरता येऊ लागली ती विंडोज २००० पासून, आणि छपाईवाले तर त्यानंतरही बरीच वर्षे आपापल्या फाँटांतच राहिले. म्हणजे त्या वर्षांतल्या कादंबऱ्या, दिवाळी अंक, प्रबंध, संस्थांची इतिवृत्ते यांतले पुष्कळसे लिखाण अशा खाजगी सांकेतिक लिपीत पडून आहे, आणि ती वाचणारे प्रोग्रॅम एकेक करून मरत आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही पेढे वाटले. दोन हजार वर्षांचे पुरावे आपण जमवले, आणि पंचवीस वर्षांपूर्वीचे पान उघडत नाही!

ज्यांनी हे फाँट विकले, त्यांनी आपल्या अक्षरमांडणीचे तक्ते आता सर्वांसाठी खुले करावेत. त्यात आता कसले व्यापारी गुपित उरले आहे? आणि ग्रंथालये, विद्यापीठे, प्रकाशक यांनी आपापल्या जुन्या डिस्का, सीड्या बाहेर काढून मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा. रूपांतर करणारी साधने काही फाँटांसाठी आहेत, नाहीत तिथे करून घ्यावीत. हे काम जुना प्रोग्रॅम जिवंत असेपर्यंतच सोपे आहे, कारण ताळा घ्यायला तोच लागतो.

ताळा घ्यावाच लागतो, हेही अनुभवाने सांगतो. पुतण्याने एका साधनातून आईची फाईल रूपांतरित करून दिली. पहिली नजर टाकली तेव्हा सगळे ठीक वाटले. मग लक्षात आले, की जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी आधी टाइप व्हायची आणि अक्षर नंतर, रफार मात्र अक्षराच्या मागून. युनिकोडचा क्रम उच्चाराप्रमाणे. त्यामुळे काही ठिकाणी वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसली आहे आणि रफार पुढच्या शब्दात शिरला आहे. 'कर्ज'चे 'कजर्' झालेले पाहून माझ्यासारख्याला हसावे की रडावे कळेना. अडीच पानांत असे एकोणीस फरक निघाले.

पुतण्या म्हणाला, "काका, वाचणाऱ्याला समजतं की."

"अकरा पैसेही कुणाला समजले नसते," मी म्हणालो.

सध्या सकाळचे ते दोन तास यातच जातात. डाव्या हाताला छापील पान, समोर पडदा, हातात तांबडी पेन्सिल. काल एकेचाळिसावे पान जुळले. तिथे आईने घरामागच्या आडाचे वर्णन केले आहे. १९९७ मध्ये शहाणपणा करून मी त्याची 'विहीर' केली होती, ती आता परत आड करून ठेवली. रूपांतरित फाईलच्या प्रती तीन झाल्या आहेत, पैकी एक पुण्याला पुतण्याकडे. जुनी डिस्क कापडी पाकिटात घालून, वर तारीख टाकून, माडीवरच्या कपाटात सर्वांत वरच्या खणात ठेवली आहे. एकवीस पाने राहिली आहेत.