स्वयंपाकघरांतील चिलटें

श्रावण लागला कीं आमच्या खानदेशांतील घरांत तीन गोष्टी एकदम येतात. व्रतवैकल्यें येतात, केळीं येतात आणि चिलटें येतात. पहिल्या दोहोंचें आम्ही मनःपूर्वक स्वागत करतों. तिसरीचा दोष मात्र घरांतील कोणा तरी एकीच्या माथीं मारून मोकळे होतों. ती बहुधा धाकटी सून असते. ‘ओटा नीट पुसला नसेल’, ‘मोरींत खरकटें राहिलें असेल’ हीं वाक्यें धुळें-जळगांवकडील किती स्वयंपाकघरांत या दिवसांत ऐकूं येत असतील, याची आमच्या वाचकभगिनींनींच कल्पना करावी.

आमच्याच घरीं गेल्या वर्षीं असें झालें. सत्यनारायणासाठीं रावेरच्या एका स्नेह्यांकडून केळ्यांचा सबंध घड आला. पूजा झाली, प्रसाद वाटला, आणि उरलेल्या फण्या कोठीच्या कोपऱ्यांत राहिल्या. आठवड्याभरांत नैवेद्याच्या पानावरहि चिलटें बसूं लागलीं. मातोश्रींनीं धाकट्या सूनबाईंस दोन शब्द ऐकविले. त्या बिचारीनें दिवसांतून तीनदां मोरी घांसली. चिलटें जशीच्या तशीं. घरांतील तरुण मंडळींनीं घड उचलून ओसरीवर नेला, तरीहि फरक पडेना. तेव्हां त्यांनीं बाजारांतून कीटकनाशकाचा फवारा आणला. तो आतां मारणार, इतक्यांत रांगतें मूल तेथेंच पाटाशीं खेळतांना दिसलें व हात थांबला.

पांचव्या दिवशीं मातोश्रींनीं कोठींतील कांद्यांची टोपली उपसली. चातुर्मासांत आमच्याकडे कांदा वर्ज्य. कांदेनवमी झाल्यावर उरलेले कांदे त्यांनींच टोपलींत भरून मागें सारले होते आणि पुढें तिकडे कोणी पाहिलें नव्हतें. तळाचे दोन कांदे सडून त्यांचें पाणी झालें होतें, व त्यांत बारीक पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. मातोश्री क्षणभर गप्प राहिल्या. मग सूनबाईंस म्हणाल्या, “अगं, उगीच मोरी घांसायला लावली तुला.” आमच्या घरांत एवढें बोलणें म्हणजे फार झालें.

ज्यास आपण चिलट म्हणतों तो सुमारें तीन मिलिमीटर लांबीचा, तांबड्या डोळ्यांचा कीटक आहे. शास्त्रज्ञ त्यास ‘ड्रोसोफिला’ म्हणतात. साध्या माशीसारखा तो कोणत्याहि घाणीवर धांवत नाहीं. त्यास ओढ आंबण्याच्या वासाची. फळ अति पिकलें किंवा कांदा-बटाटा सडूं लागला, कीं त्यांत यीस्ट नांवाचें सूक्ष्म किण्व वाढतें, आणि चिलटाच्या अळ्या त्यावरच पोसतात. मादी अशा ओलसर जागीं अर्ध्या मिलिमीटरएवढीं अंडीं घालते. हवा २५ अंशांची असली तर एका दिवसांत अळी निघते, चार-पांच दिवसांत ती कोष करते, आणि अंड्यापासून सुमारें दहा दिवसांत नवें चिलट उडूं लागतें. एक मादी आयुष्यांत कित्येक शें अंडीं घालते. म्हणून उडणारीं पन्नास चिलटें हातांनीं मारलीं तरी सडका कांदा जागेवर असेपर्यंत त्या श्रमांस फळ नाहीं.

हें श्रावणांतच कां, हेंहि यावरून कळेल. वैशाखांत जळगांव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेवढ्या कोरड्या उन्हाळ्यांत या जीवाची वाढ होत नाहीं. पावसानें हवा दमट होऊन २५ ते ३० अंशांवर आली कीं त्याचे दिवस येतात. त्यांतून आपला मुलूख केळ्यांचा. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर हा सारा तापीकांठचा पट्टा. जळगांवच्या केळ्यांस तर २०१६ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. अशा मुलखांत केळीं डझनांनीं नव्हे, घडानें घरीं येतात. परंतु केळ्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. अखंड सालींतून चिलटास अंडीं घालतां येत नाहींत. साल फाटली किंवा देठाशीं चीर पडली, म्हणजेच त्यास वाट मिळते.

तेव्हां पहिला उपाय म्हणजे उगम शोधणें. कांदे-बटाट्यांच्या टोपल्या तळापर्यंत उपसाव्या. ओट्याखालचें ओलें फडकें, केराच्या डब्याचा तळ, माठाखालची तिवई आणि रिकाम्या सरबताच्या बाटल्या पाहाव्या. घड ओसरीवर टांगून त्यावर मलमलीचें फडकें बांधावें, म्हणजे वारा लागतो व चिलट शिरत नाहीं. फाटलेलीं केळीं त्याच दिवशीं शिकरणास घ्यावीं. सालींचा ढीग रात्रभर घरांत ठेवूं नये. गाईस घालाव्या किंवा परसांत पुरून वर माती ओढावी. केळीं शीतपेटींत काळीं पडतात, पण इतर पिकलीं फळें तेथें ठेवावीं. थंडींत अळीची वाढ थांबते.

यानंतर उडणाऱ्या चिलटांचा समाचार घ्यावा. एका पेल्यांत दोन चमचे शिरका, अति पिकलेल्या केळ्याचा तुकडा, थोडें पाणी आणि भांडीं घांसण्याच्या साबणाचा एक थेंब घालून तो रात्रीं ओट्यावर ठेवावा. साबणामुळें पाण्याचा पृष्ठताण मोडतो, आणि एरवीं पाण्यावर तरंगणारें चिलट बुडतें. कोषांतून नवीं चिलटें निघतच असतात, म्हणून हा क्रम दोन आठवडे चालू ठेवावा.

शिरक्यावर चिलट कां येतें, हा प्रश्न क्षुद्र वाटेल. परंतु त्याच्या नाकाचा अभ्यास आपल्या मुंबईंत थोर मंडळींनीं केला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत ओबेद सिद्दीकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनीं चिलटास वास व चव कशी कळते, आणि आनुवंशिक बदलानें ती शक्ति कशी बिघडते, याविषयीं केलेलें संशोधन १९७८ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच्या कितीतरी आधीं अमेरिकेंत टॉमस हंट मॉर्गन यांनीं चिलटांच्या पैदाशीवरून आनुवंशिकतेचे नियम उलगडले व १९३३ सालीं नोबेल पारितोषिक मिळविलें. दहा दिवसांत पिढी तयार होते, हाच गुण संशोधकास सोयीचा आणि गृहिणीस तापदायक!

मात्र दोन गोष्टींत गल्लत करूं नये. मोरीच्या भिंतीवर बसणारी, केंसाळ पंखांची करडी माशी निराळी. ती मोरीच्या नळींतील चिकट थरांत वाढते. खात्री हवी असल्यास रात्रीं मोरीच्या जाळीवर कांचेचा पेला पालथा घालावा. सकाळीं आंत माश्या दिसल्या तर ब्रशानें नळी घांसून वर कढत पाणी ओतावें. पेला रिकामा असेल तर मोरी निर्दोष समजावी. दुसरी गोष्ट बागेंतील फळमाशीची. ती आंबा-पेरूच्या सालीस भोंक पाडून अंडीं घालते. तिच्या नरांसाठीं शेतकरी मिथिल युजेनॉलचा गंधसापळा लावतात. स्वयंपाकघरांतील चिलट त्यास भुलत नाहीं.

राहतां राहिला फवारा. जेथें पीठ मळलें जातें, भांडीं उघडीं असतात, आणि तान्हें मूल जमिनीवर हात टेकून तोच हात तोंडांत घालतें, तेथें चिलटांसाठीं विष उडवूं नये. एवढेंहि करून तें फक्त उडणाऱ्यांस मारतें. कांद्यांतील अळ्या सुरक्षितच राहतात.

चिलट दिसलें म्हणजे घरांत कोठें तरी कांहीं आंबत आहे एवढेंच समजावें. तें कोणाच्या हलगर्जीपणामुळें, हें त्यावरून ठरत नाहीं. आमच्याकडे आतां कांदेनवमीच्या संध्याकाळींच उरलेले कांदे वाटून टोपली धुवून उन्हांत पालथी घालतात, आणि तें काम मातोश्री व सूनबाई दोघी मिळून करतात. वाचकभगिनींनींहि या श्रावणांत सुनेस बोलण्यापूर्वीं आपली टोपली एकदां उपसून पाहावी.